लेक व्ह्यू : एका गावाची शाळा आणि राज्याची जबाबदारी

ग्रामीण शिक्षणाचा विचार करताना तीन प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात. शाळेसाठी पैसा कोणी द्यायचा? शाळेचा कारभार कोणी पाहायचा? आणि विद्यार्थी कमी झाले की ती शाळा चालू ठेवायची की शेजारच्या मोठ्या शाळेत विलीन करायची? हे प्रश्न केवळ विकसनशील देशांपुढे आहेत असे मानण्याचे कारण नाही. अमेरिकेसारख्या संपन्न देशातही ते शंभर वर्षांहून अधिक काळ वादाचे विषय राहिले आहेत. त्या देशाच्या दक्षिण भागातील आर्कान्सा राज्यात लेक व्ह्यू नावाचे एक अगदी छोटे गाव आहे. या गावाच्या शाळा-जिल्ह्याने १९९२ मध्ये राज्यशासनाविरुद्ध दावा दाखल केला, तो पंधरा वर्षे चालला आणि त्यातून साऱ्या राज्याची शिक्षण-वित्तव्यवस्था बदलली. मात्र हा बदल होत असतानाच दावा करणारा शाळा-जिल्हा नकाशावरून नाहीसा झाला. स्थानिक स्वराज्य, वित्तीय समता आणि न्यायालयीन हस्तक्षेप या तिन्ही अंगांनी हे प्रकरण अभ्यासण्याजोगे आहे.

शाळा-जिल्हा म्हणजे काय?

भारतीय वाचकाने प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. आपल्याकडे 'जिल्हा' हा महसुली आणि प्रशासकीय घटक आहे. त्याच्याशी काहीसे साम्य असलेला अमेरिकेतील घटक म्हणजे काउंटी. 'शाळा-जिल्हा' ही त्याहून अगदी वेगळी संस्था आहे. सार्वजनिक शाळा चालविणे या एकाच कामासाठी निर्माण केलेले ते स्थानिक शासन असते. त्याची हद्द काउंटीच्या किंवा नगराच्या हद्दीशी जुळेलच असे नाही. बहुतेक राज्यांत त्याचा कारभार मतदारांनी निवडून दिलेले शाळा-मंडळ पाहते. हे मंडळ अधीक्षकाची नेमणूक करते, अंदाजपत्रक संमत करते, शिक्षक नेमते आणि राज्याच्या कायद्याच्या चौकटीत राहून मालमत्ता कराचा दर मतदारांपुढे ठेवते. थोडक्यात, शाळा-जिल्ह्याला निवडणूक, कर आणि कर्मचारी या तिन्ही बाबतींत बऱ्याच अंशी स्वतःचे अस्तित्व असते.

या व्यवस्थेची मुळे जुनी आहेत. मॅसॅच्युसेट्स वसाहतीने १६४७ मध्येच पन्नास कुटुंबांच्या वस्तीने शिक्षक नेमावा असा कायदा केला होता. स्वातंत्र्यानंतर १७८५ च्या भूमी अध्यादेशाने पश्चिमेकडील नव्या प्रदेशाची मोजणी करताना प्रत्येक टाउनशिपच्या छत्तीस भागांपैकी सोळावा भाग शाळेसाठी राखून ठेवला. पुढे वस्ती जसजशी पसरली तसतशी गावोगावी एका खोलीची, एका शिक्षकाची शाळा उभी राहिली आणि अनेक ठिकाणी त्या एका शाळेचाच एक स्वतंत्र शाळा-जिल्हा झाला. १९३९-४० मध्ये देशात सुमारे १ लाख १७ हजार शाळा-जिल्हे होते. रस्ते सुधारले, शाळेच्या बसगाड्या आल्या, शेतीवरील लोकसंख्या घटली आणि माध्यमिक शिक्षणाची गरज वाढली. त्याबरोबर विलीनीकरणाची मोठी लाट आली. विसाव्या शतकाच्या अखेरीस ही संख्या १५ हजारांच्या आसपास उतरली आणि त्यानंतरही ती घटतच राहिली.

कायद्याच्या दृष्टीने मात्र शाळा-जिल्हा हे राज्याचे अपत्य आहे. अमेरिकेच्या संविधानात शिक्षणाचा उल्लेखच नाही. दहाव्या दुरुस्तीनुसार जे अधिकार संघराज्याला दिलेले नाहीत ते राज्यांकडे अथवा जनतेकडे राहतात. त्यामुळे शिक्षण हा राज्यांचा विषय ठरतो. राज्याने दिलेल्या अधिकारावर शाळा-जिल्हा उभा असतो आणि राज्याचे विधिमंडळ तो निर्माण करू शकते तसेच विसर्जितही करू शकते. लेक व्ह्यूच्या कथेचा शेवट समजण्यासाठी हा मुद्दा महत्त्वाचा आहे.

पैशाचे गणित

शाळांना पैसा तीन स्तरांवरून मिळतो : स्थानिक, राज्य आणि संघराज्य. देशाची सरासरी पाहिली तर राज्य आणि स्थानिक स्तर हे मिळून बहुतांश भार उचलतात आणि संघराज्याचा वाटा सर्वसाधारणपणे एक दशांशाच्या आसपास राहतो. स्थानिक उत्पन्नाचा मुख्य आधार मालमत्ता कर हा आहे, आणि विषमतेचे मूळही त्यातच आहे.

मालमत्ता कराचा दर 'मिल' या एककात सांगितला जातो. एक मिल म्हणजे मूल्यांकित किमतीच्या हजारावा भाग. आर्कान्सामध्ये बाजारभावाच्या २० टक्के ही मूल्यांकित किंमत धरली जाते. समजा, एखाद्या घराची बाजारातील किंमत ५० हजार डॉलर आहे. तर त्याची मूल्यांकित किंमत १० हजार डॉलर होईल आणि २५ मिल दराने त्यावर वर्षाला २५० डॉलर कर बसेल. आता दोन काल्पनिक शाळा-जिल्हे घेऊ. पहिल्यात कारखाने, दुकाने आणि महाग घरे असल्याने दर विद्यार्थ्यामागे १ लाख डॉलरची मूल्यांकित मालमत्ता आहे. दुसऱ्यात जुनी घरे आणि थोडी शेतजमीन असल्याने ती २० हजार डॉलरच आहे. दोन्हींनी २५ मिल हाच दर लावला तरी पहिल्याला दर विद्यार्थ्यामागे २,५०० डॉलर मिळतील आणि दुसऱ्याला केवळ ५००. दुसऱ्या जिल्ह्यातील नागरिक तेवढ्याच दराने कर भरतात. तरी त्यांच्या मुलांच्या वाट्याला पाचपट कमी पैसा येतो. ही तफावत राज्याच्या अनुदानाने भरून काढावी लागते. ती किती भरून काढावयाची, हाच खरा वाद आहे.

या वादाला १९७० च्या दशकात न्यायालयीन वळण मिळाले. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ च्या सेरानो प्रकरणात मुलाच्या शिक्षणाचा दर्जा शेजाऱ्यांच्या संपत्तीवर अवलंबून ठेवणे अमान्य ठरविले. परंतु १९७३ मध्ये टेक्सासमधील रॉड्रिग्ज प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा बहुमताने वेगळा निर्णय दिला. संघराज्याच्या संविधानाने शिक्षण हा मूलभूत हक्क म्हणून दिलेला नाही आणि मालमत्ता करावर आधारित वित्तव्यवस्था त्या संविधानाचा भंग करीत नाही, असे त्या निर्णयाचे सार होते. त्यामुळे दिल्लीसारख्या एकाच दरवाजावर न्याय मागण्याची वाट तेथे बंद झाली. गरीब शाळा-जिल्ह्यांना आपापल्या राज्याच्या संविधानाकडे वळावे लागले. कारण जवळजवळ प्रत्येक राज्याच्या संविधानात मोफत सार्वजनिक शाळा चालविण्याचे कर्तव्य नमूद आहे. केंटकी राज्यात ६६ शाळा-जिल्ह्यांनी एकत्र येऊन लढविलेल्या दाव्यात १९८९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने राज्याची संपूर्ण शालेय व्यवस्थाच असंवैधानिक ठरविली. या निर्णयानंतर भर 'समान पैसा' यावरून 'पुरेसे शिक्षण' या संकल्पनेकडे सरकला.

लेक व्ह्यू : गाव आणि त्याची पार्श्वभूमी

लेक व्ह्यू हे आर्कान्साच्या पूर्व टोकाला, मिसिसिपी नदीच्या काठच्या फिलिप्स काउंटीत आहे. नदीच्या गाळाने बनलेल्या या सपाट, सुपीक प्रदेशाला 'डेल्टा' म्हणतात. कापूस हे येथील पारंपरिक पीक. गुलामगिरी संपल्यानंतरही दीर्घकाळ येथील कृष्णवर्णीय शेतकरी मोठ्या जमीनमालकांची जमीन वाट्याने कसत राहिले. हिशेब मालकाच्या वहीत आणि कर्ज शेतकऱ्याच्या डोक्यावर, अशी ती पद्धत होती. कापसाला योग्य भाव मिळावा म्हणून संघटित होऊ लागलेल्या वाटेकरी शेतकऱ्यांवर १९१९ मध्ये याच काउंटीतील ईलेनच्या परिसरात भीषण हिंसाचार झाला होता.

या पार्श्वभूमीवर १९३० च्या दशकात राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या 'न्यू डील' कार्यक्रमाखाली संघराज्य शासनाने काही ठिकाणी जमीन घेऊन ती भूमिहीन कुटुंबांमध्ये विभागण्याची योजना आखली. लेक व्ह्यू ही अशाच योजनेतून कृष्णवर्णीय शेतकरी कुटुंबांसाठी वसविण्यात आलेली वसाहत होय. घर, जमीन आणि शाळा या तीन गोष्टी एकत्र मिळालेले हे गाव डेल्टामध्ये अपवादात्मक होते. पुढे शेतीत यंत्रे आली, कापूस वेचणारे हात निरुपयोगी ठरले आणि तरुण पिढी उत्तरेकडील शहरांत कामासाठी जाऊ लागली. फिलिप्स काउंटीची लोकसंख्या २००० मध्ये सुमारे २६ हजार होती; २०२० च्या जनगणनेत ती सुमारे साडेसोळा हजारांवर आली. २००० मध्ये लेक व्ह्यू गावाची लोकसंख्या सुमारे साडेपाचशे होती. अशा गावात शाळा ही केवळ शिक्षणाची जागा राहत नाही. ती सर्वांत मोठी रोजगार देणारी संस्था असते, सभागृह असते, खेळाचे मैदान असते आणि गावाने स्वतः निवडलेली सत्ताही तीच असते.

दाव्याची पंधरा वर्षे

आर्कान्साच्या १८७४ च्या संविधानातील चौदाव्या अनुच्छेदाने राज्यावर सर्वसाधारण, योग्य आणि कार्यक्षम अशी मोफत सार्वजनिक शाळांची व्यवस्था राखण्याचे कर्तव्य सोपविले आहे. या तरतुदीच्या आधारे १९८३ मध्येच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ड्यूप्री प्रकरणात तत्कालीन अनुदान-पद्धत रद्द ठरविली होती. तरीही दशकभरात तफावत फारशी कमी झाली नाही. १९९२ मध्ये 'फिलिप्स काउंटीचा लेक व्ह्यू शाळा-जिल्हा क्रमांक २५' याने पुन्हा न्यायालयाची पायरी चढली.

१९९४ मध्ये न्यायाधीश अ‍ॅनाबेल क्लिंटन इम्बर यांनी व्यवस्था असंवैधानिक ठरविली आणि सुधारणेसाठी विधिमंडळाला दोन वर्षांचा अवधी दिला. १९९५ मध्ये नवे कायदे झाले. १९९६ मध्ये मतदारांनी राज्याच्या संविधानात चौऱ्याहत्तरावी दुरुस्ती मंजूर केली आणि प्रत्येक शाळा-जिल्ह्याला किमान २५ मिल हा एकसमान दर लागू झाला. परंतु दर समान झाला तरी मालमत्ता समान होत नाही, हे वरील उदाहरणावरून स्पष्ट होते. २००१ मध्ये न्यायाधीश कॉलिन्स किलगोर यांनी नव्या व्यवस्थेलाही दोषी ठरविले आणि २१ नोव्हेंबर २००२ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला.

या निर्णयपत्रात लेक व्ह्यूच्या शाळेचे जे वर्णन आले ते कोणत्याही आकडेवारीपेक्षा बोलके आहे. माध्यमिक वर्गांचे सर्व गणित शिकविणारा एकच शिक्षक होता आणि त्याच्याकडे त्या विषयाचे प्रमाणपत्र नव्हते. बदली शिक्षक म्हणून त्याला वर्षाला १० हजार डॉलर मिळत आणि शाळेची बस चालवून तो आणखी ५ हजार मिळवीत असे. त्रिकोणमितीच्या वर्गासाठी गणकयंत्रे पुरेशी नव्हती, भूमितीसाठी कंपास नव्हते, मुद्रणयंत्र बंद होते, कागदाचाही तुटवडा होता. शाळेतील सुमारे ९४ टक्के मुले मोफत किंवा सवलतीच्या दरातील दुपारच्या जेवणास पात्र होती. महाविद्यालयात गेलेल्या येथील सर्वच विद्यार्थ्यांना तेथे पुन्हा पायाभूत विषय शिकावे लागत होते. शाळेने प्रमाणपत्र दिले होते, पण त्यामागे असावयास हवे ते शिक्षण पोहोचले नव्हते.

न्यायालयाच्या युक्तिवादाचा गाभा साधा होता. राज्याने पुरेसे शिक्षण म्हणजे काय आणि त्याला किती खर्च येतो, याचा अभ्यास करण्याचे १९९५ च्या कायद्यात मान्य केले होते. तो अभ्यास झालाच नव्हता. जे मोजलेच नाही ते पुरेसे आहे असे राज्य कसे म्हणू शकते? शिवाय, पैसा स्थानिक मंडळाच्या हाती गेला म्हणजे राज्याची जबाबदारी संपली, हा बचावही न्यायालयाने मान्य केला नाही. शाळा-जिल्हा कार्यवाही करतो, परंतु संविधानाने कर्तव्य राज्यावर टाकले आहे. राज्याला १ जानेवारी २००४ पर्यंतची मुदत देण्यात आली.

सुधारणा आणि तिची किंमत

मुदतीच्या रेट्याखाली राज्याने तज्ज्ञांकरवी पुरेशा शिक्षणाच्या खर्चाचा अभ्यास करवून घेतला आणि डिसेंबर २००३ मध्ये विधिमंडळाचे विशेष अधिवेशन सुरू झाले. त्यातून झालेले बदल दूरगामी होते. राज्याचा विक्रीकर सव्वापाच टक्क्यांच्या किंचित खालून ६ टक्क्यांवर नेण्यात आला. २००४-०५ साठी दर विद्यार्थ्यामागे ५,४०० डॉलर हे पायाभूत अनुदान निश्चित झाले. २५ मिल कराचे स्थानिक उत्पन्न आणि हा आकडा यांतील फरक राज्याने भरावयाचा होता. शिक्षकांचे किमान वेतन वाढले. गरीब विद्यार्थ्यांच्या प्रमाणानुसार अतिरिक्त निधी देताना शाळा-जिल्ह्यांचे तीन गट करण्यात आले : असे विद्यार्थी ७० टक्क्यांहून कमी असलेले, ७० ते ९० टक्के असलेले आणि ९० टक्क्यांहून अधिक असलेले. जेथे गरिबी दाटलेली आहे तेथे दर विद्यार्थ्यामागील निधीही अधिक, हे तत्त्व त्यामागे होते. शाळा-इमारतींसाठी राज्याच्या सहभागाचा कार्यक्रम आला आणि पूर्वप्राथमिक शिक्षणाचा विस्तार झाला. राज्याचे उत्पन्न कमी पडल्यास प्रथम शिक्षणाची तरतूद पूर्ण करावी आणि कपात अन्य खात्यांत करावी, असाही कायदा झाला. तसेच पुरेशा शिक्षणाच्या खर्चाचा नियमित फेरआढावा घेणे विधिमंडळाने स्वतःवर बंधनकारक करून घेतले.

याच अधिवेशनात विलीनीकरणाचा कायदाही झाला. तत्कालीन गव्हर्नर माइक हकबी यांनी १,५०० हून कमी विद्यार्थी असलेल्या शाळा-जिल्ह्यांचे विलीनीकरण सुचविले होते. ग्रामीण प्रतिनिधींचा त्यास तीव्र विरोध झाला आणि अखेर ३५० ही संख्या ठरली. लागोपाठ दोन वर्षे ३५० हून कमी विद्यार्थी असलेल्या शाळा-जिल्ह्याने दुसऱ्यात सामील व्हावे, अशी ही तरतूद होती. ती अपुरी वाटल्याने गव्हर्नरांनी स्वाक्षरी केली नाही आणि कायदा त्यांच्या स्वाक्षरीविना अमलात आला. १ जुलै २००४ रोजी पन्नासहून अधिक शाळा-जिल्हे शेजाऱ्यांत मिळाले. राज्यातील शाळा-जिल्ह्यांची संख्या तीनशेहून अधिक होती ती अडीचशेच्या आसपास आली. त्या यादीत लेक व्ह्यूचे नावही होते. तो शाळा-जिल्हा शेजारच्या बार्टन-लेक्सा शाळा-जिल्ह्यात समाविष्ट झाला.

पैशाचा प्रवाह गरीब शाळांकडे वळावा म्हणून ज्याने दार ठोठावले, त्याच्याकडे तो प्रवाह पोहोचण्यापूर्वीच त्याचे स्वतंत्र अस्तित्व संपले. गावातील लोकांनी विलीनीकरणालाही न्यायालयात आव्हान दिले. परंतु २००९ मध्ये संघराज्याच्या आठव्या मंडल अपील न्यायालयानेही त्यांच्या बाजूने निर्णय दिला नाही. मूळ दाव्याचा शेवट त्याआधीच झाला होता. २००५ मध्ये विधिमंडळाने पायाभूत अनुदानात वाढ न केल्याने प्रकरण पुन्हा न्यायालयापुढे आले, २००६ च्या विशेष अधिवेशनात चूक सुधारण्यात आली आणि ३१ मे २००७ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने व्यवस्था आता संविधानाशी सुसंगत झाल्याचे जाहीर करून प्रकरण बंद केले.

विलीनीकरणाच्या दोन बाजू

विलीनीकरणाच्या समर्थकांचा युक्तिवाद दुर्लक्षिण्याजोगा नाही. आर्कान्साच्या मानकांनुसार माध्यमिक शाळेने ३८ अभ्यासघटक शिकविणे अपेक्षित आहे. दोनशे-अडीचशे विद्यार्थ्यांच्या शाळा-जिल्ह्याला भौतिकशास्त्र, उच्च गणित आणि परकीय भाषा यांसाठी पात्र शिक्षक मिळणे आणि परवडणे कठीण असते. एका अधीक्षकाचे वेतन दोनशे विद्यार्थ्यांवर विभागले जाते तेव्हा वर्गात पोहोचणारा पैसा कमी होतो. लेक व्ह्यूचा गणिताचा वर्ग हा या युक्तिवादाचाच पुरावा म्हणून दाखविता येतो.

विरोधकांचे म्हणणेही तितकेच ठोस आहे. लेक व्ह्यूला पात्र शिक्षक मिळाला नाही तो शाळा लहान होती म्हणून, की शिक्षकाला देण्याजोगे वेतन नव्हते म्हणून? वित्तव्यवस्थेत दुरुस्ती झाल्यानंतर लहान शाळेला एक संधी मिळावयास हवी होती. दूरच्या शाळेसाठी लहान मुलांचा बसमधील वेळ वाढतो, पालकांचा शाळेशी संपर्क तुटतो आणि शाळेनंतरच्या उपक्रमांत गरीब मुलांचा सहभाग कमी होतो. एकत्रित शाळा-मंडळात लहान गावाची मते अल्पमतात जातात. डेल्टातील कृष्णवर्णीय समाजाच्या दृष्टीने हा मुद्दा अधिक जिव्हाळ्याचा होता. मताधिकारासाठी दीर्घ संघर्ष केल्यानंतर ज्या थोड्या संस्था त्यांच्या हाती आल्या होत्या, त्यांत गावचे शाळा-मंडळ होते. कायद्याने प्रथम विलीन होतो तो कारभार; शाळेची इमारत त्याच दिवशी बंद होत नाही. मात्र ती पुढे चालू ठेवायची की नाही हे ठरविण्याचा अधिकार गावाकडून नव्या मंडळाकडे जातो.

या दोहोंमधील मार्गही तेथे शोधले गेले. दूरशिक्षणाद्वारे एका शिक्षकाचा वर्ग अनेक शाळांत पोहोचविणे, काही शाळा-जिल्ह्यांनी मिळून सामायिक सेवा घेणे, भौगोलिकदृष्ट्या एकाकी शाळांना विशेष निधी देणे, हे त्यांपैकी काही होत. संघराज्याच्या स्तरावर ६०० हून कमी सरासरी उपस्थिती असलेल्या ग्रामीण शाळा-जिल्ह्यांसाठी स्वतंत्र साहाय्य योजना आहे. आर्कान्सानेही २०१५ मध्ये कायद्यात बदल करून, शैक्षणिक आणि आर्थिक स्थिती समाधानकारक असलेल्या लहान शाळा-जिल्ह्यांना ३५० च्या अटीतून सवलत मिळण्याची सोय केली. संख्या हा एकमेव निकष असू शकत नाही, याची ती एक प्रकारे कबुली होती.

भारतीय संदर्भ

भारतातील व्यवस्थेशी तुलना केली असता काही फरक ठळकपणे दिसतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये शिक्षणाला संघराज्य-स्तरावर मूलभूत हक्क मानले नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ च्या उन्नीकृष्णन प्रकरणात चौदा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाचा हक्क अनुच्छेद २१ मध्ये अंतर्भूत असल्याचे मान्य केले. २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१-क समाविष्ट झाला आणि बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत आले असल्याने केंद्र आणि राज्य या दोहोंवर त्याची जबाबदारी आहे.

दुसरा फरक वित्ताचा. भारतात सरकारी शाळांतील शिक्षकांच्या वेतनाचा मुख्य भार राज्यशासन उचलते. त्यामुळे गावातील घरांची किंमत आणि शाळेचा पैसा यांचा थेट संबंध राहत नाही. पण त्याचबरोबर कर लावणारी आणि शाळा चालविणारी एकच स्थानिक संस्था, असे उत्तरदायित्वही येथे नाही. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत प्राथमिक व माध्यमिक शिक्षणाचा समावेश आहे. तरी पंचायतींना किती अधिकार द्यावयाचे हे राज्यांवर सोपविलेले आहे. महाराष्ट्रात १९६२ पासून जिल्हा परिषदा प्राथमिक शाळा चालवितात. २००९ च्या अधिनियमाने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असाव्यात अशी तरतूद केली. शाळा-मंडळासारखी करआकारणीची सत्ता या समितीला नाही. परंतु शाळेच्या कामावर देखरेख ठेवण्याचा आणि शाळा विकास आराखडा तयार करण्याचा अधिकार तिला आहे.

तिसरा मुद्दा दोन्ही देशांत सारखाच आहे. स्थलांतर आणि घटता जन्मदर यांमुळे कमी पटाच्या शाळांचा प्रश्न भारतातही तीव्र झाला आहे. राजस्थान, मध्य प्रदेश, ओडिशा, झारखंड आदी राज्यांत शाळांचे एकत्रीकरण झाले आहे. महाराष्ट्रात २०२३ मध्ये वीसहून कमी पटाच्या शाळांसाठी 'समूह शाळा' ही कल्पना पुढे आल्यावर वाड्या-वस्त्या आणि आदिवासी पाड्यांवरील मुलांच्या प्रवासाचा प्रश्न चर्चेत आला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने शाळा न हलविता ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि विषयशिक्षक परिसरातील शाळांनी वाटून घ्यावेत, अशी 'शाळा-संकुला'ची संकल्पना मांडली आहे. कोठारी आयोगानेही १९६६ च्या अहवालात शाळा-संकुलाची शिफारस केली होती.

समारोप

लेक व्ह्यूच्या प्रकरणातून धोरणकर्त्यांसाठी तीन गोष्टी निघतात. पहिली अशी की, कराचा दर किंवा अनुदानाचे सूत्र समान केल्याने समता येत नाही. गरिबीची दाटी असलेल्या ठिकाणी अधिक साधने द्यावी लागतात. दुसरी अशी की, 'पुरेसे' या शब्दाला आधी मोजमाप द्यावे लागते. कोणते विषय, किती पात्र शिक्षक, कोणती साधने आणि त्यांचा खर्च किती, हे ठरविल्याशिवाय अंदाजपत्रकातील आकड्याचा अर्थ लागत नाही. तिसरी गोष्ट अशी की, कायद्याचा क्रम महत्त्वाचा असतो. साधने देऊन नंतर शाळेचे मूल्यमापन करणे आणि साधने देण्याआधीच पटसंख्येच्या आधारे तिचा निकाल लावणे, यांत गावकऱ्यांच्या दृष्टीने मोठे अंतर आहे.

आर्कान्सातील लाखो विद्यार्थ्यांना आज मिळणाऱ्या अनुदानाची रचना लेक व्ह्यूच्या दाव्यातून आकाराला आली. त्या राज्याच्या विधिमंडळात शिक्षणाच्या खर्चाचा आढावा घेतला जातो तेव्हा आजही त्या गावाच्या नावाचा उल्लेख होतो. गावातील मुले मात्र आता दुसऱ्या शाळा-जिल्ह्याच्या पटावर आहेत. शाळांच्या एकत्रीकरणाचा कोणताही निर्णय घेताना किती पैसा वाचला एवढेच न पाहता, त्या मुलाला पूर्वी न मिळालेला गणिताचा शिक्षक आता मिळाला का आणि त्याच्या पालकांचा आवाज नव्या मंडळापर्यंत पोहोचतो का, हेही तपासून पाहावे लागेल.